अर्ध्या गोळीची कुळकथा

सकाळी सहाला काकू सुरीने एक गोळी मधोमध कापते. अर्धी स्टीलच्या वाटीत, अर्धी परत डबीत. वाटीतली अर्धी गिळून काका खुर्चीत बसून राहतात. वर्तमानपत्र मांडीवर असतं, पण ते उघडत नाहीत. पान उलटण्याइतकी बोटं अजून त्यांच्या ताब्यात आलेली नसतात. पाऊणएक तासाने ते म्हणतात, "लागली." मग स्वतः उठतात आणि शर्टाची बटणं लावतात. गेली आठ वर्षं आमच्या घरात दिवसाचे प्रहर असेच मोजले जातात: गोळी लागली, गोळी उतरली.

पाकिटावर ११० हा आकडा आहे. १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. लेव्होडोपा मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं आणि डोपामिन असलं की हात हलतो, इतकं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण जी गोष्ट एका माणसाला दिवसातून पाच वेळा त्याचं शरीर परत देते, ती आली कुठून, हे मला कळून घ्यायचं होतं. माग काढायला बसलो तेव्हा वाटलं होतं, वाट एखाद्या परदेशी प्रयोगशाळेच्या दारात संपेल. प्रयोगशाळा भेटल्या, एक सोडून दहा भेटल्या. पण त्या वाटेचे दोन फाटे आपल्याच रानात निघाले. एक सर्पगंधेच्या मुळाशी गेला, दुसरा खाजकुइलीच्या शेंगेशी.

आजाराला नाव देणारा माणूस आधी भेटतो. लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली 'थरथरत्या लकव्या'वर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात सहा माणसं आहेत, आणि त्यांतली काही त्याने फक्त रस्त्यावर पाहिलेली. पुढे वाकून चालणारी, चालता चालता नकळत धावू लागणारी. आपल्याकडे वैद्य ज्याला कंपवात म्हणत आले, त्याच्याशी हे वर्णन बरंच जुळतं. पार्किन्सनला कारण ठाऊक नव्हतं. शंभर वर्षांनी, १९१९ साली, पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ या तरुण डॉक्टरने दाखवलं की अशा रुग्णांच्या मेंदूच्या बुडाशी असलेला एक काळसर पट्टा फिका पडलेला असतो. तिथल्या पेशी मेलेल्या असतात. त्या पेशी जिवंतपणी काय करत होत्या, हे मात्र तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं.

त्या पेशी जे बनवतात तो पदार्थ तोवर बाटलीत तयार होता, आणि हीच या कुळकथेतली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे. १९१० साली लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत जॉर्ज बार्जर आणि जेम्स यूएन्स यांनी डोपामिन रसायनातून घडवलं. तेव्हा त्याला हे नावही नव्हतं. ते हेन्री डेल यांनी सुचवलं, थेट १९५२ साली. बार्जर आणि डेल यांनी त्याचा रक्तदाबावरचा परिणाम तपासला. अ‍ॅड्रेनलिनच्या मानाने तो फारच दुबळा निघाला, म्हणून पदार्थ बाजूला पडला. १९३९ साली हर्मन ब्लाश्को या जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या निर्वासित शास्त्रज्ञाने शरीरात अ‍ॅड्रेनलिन कसं बनतं याची साखळी मांडली: डोपापासून डोपामिन, डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनलिन, त्यापासून अ‍ॅड्रेनलिन. या साखळीत डोपामिनला जागा मिळाली ती वाटेतल्या लहान स्टेशनाची. गाडी थांबते, पण उतरत कोणी नाही.

डोपामिनचा आधीचा टप्पा म्हणजे लेव्होडोपा. तो १९१३ साली मार्कुस गुगेनहाइमला सापडला. तो बाझेलमध्ये रोश कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याने हा पदार्थ बाकला नावाच्या शेंगेतून वेगळा काढला. जनावरांवर फारसं काही दिसेना, म्हणून त्याने अडीच ग्रॅम स्वतःच गिळला. काही वेळाने त्याला जोराची मळमळ झाली, उलट्या झाल्या. त्यापलीकडे काही झालं नाही. तो निरोगी होता; त्याच्या मेंदूत भरून काढावी अशी उणीवच नव्हती.

ती उलटी मात्र महत्त्वाची होती. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या त्याला आत घेत नाहीत. लेव्होडोपा मात्र आत जातो, कारण प्रथिनांचे घटक ज्या वाटेने आत जातात तीच वाट तो धरतो. (म्हणूनच काकांनी गोळी जेवणाआधी घ्यायची असते. वाटीभर दाट वरण किंवा दोन अंडी आधी पोटात गेली, तर त्या वाटेवर गर्दी होते आणि गोळी "लागत" नाही.) पण गिळलेल्या लेव्होडोपापैकी बराचसा आतड्यात आणि रक्तातच डोपामिन होऊन बसतो, आणि उलटी आणणाऱ्या केंद्राला डिवचतो. मेंदूच्या बाहेर होणारं हे रूपांतर रोखणारा पदार्थ म्हणजे पाकिटावरचा तो १० मिलिग्रॅमचा कार्बिडोपा. अमेरिकेत ही जोडगोळी १९७५ मध्ये आली. गुगेनहाइमला १९१३ साली जे भोगावं लागलं, ते काकांना भोगावं लागत नाही ते या दहा मिलिग्रॅममुळे.

आता खाजकुइली. सह्याद्रीच्या पायथ्याला, कुंपणावर, झुडपांवर चढणारा हा वेल पावसाळ्यानंतर जांभळ्या फुलांनी लगडतो. हिवाळ्यात त्याच्या वाकड्या शेंगा तपकिरी मखमलीने मढलेल्या दिसतात. त्या मखमलीला हात लावून कोणी फसू नये. लवेत म्युक्युनेन नावाचं एक विकर असतं, आणि खाज त्याचीच. संस्कृतात तिला कपिकच्छू म्हणतात, आत्मगुप्ताही म्हणतात. स्वतःच स्वतःला राखणारी. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला आणि 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये छापला. बाकल्यापेक्षा किती तरी जास्त: वाळलेल्या बीच्या वजनाच्या सुमारे ४ ते ६ टक्के. त्या वर्षी जगात एकालाही ठाऊक नव्हतं की या पदार्थाचा रोग्याला काही उपयोग आहे. औषध सापडलं होतं, आजारही ठाऊक होता. दोघांची गाठ पडायला आणखी चोवीस वर्षं जायची होती.

ती गाठ पाडली दुसऱ्या वनस्पतीने.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे शतकानुशतकं वापरात आहे: साप चावल्यावर, झोप येत नसल्यावर, डोकं फिरल्यावर. बिहारात ते 'पागल की दवा' म्हणूनच विकलं जाई. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी त्यातली अल्कलॉइडं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलिन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालतं. दोन्ही निरीक्षणं अचूक होती. पण हिंदुस्थानाबाहेर ती जवळजवळ कोणी वाचली नाहीत.

ती वाचायला लावली मुंबईच्या एका पारशी हृदयरोगतज्ज्ञाने. केईएम रुग्णालयाशी जोडलेले डॉ. रुस्तम जाल वकील वर्षानुवर्षं रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देत होते. १९४९ साली त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. निबंध साधा होता. आकडे, दाब, तक्रारी. पण तो लंडनहून निघाला म्हणून बॉस्टनपर्यंत गेला, बाझेलपर्यंत गेला. बाझेलला सिबा कंपनीत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी १९५२ साली मुळातला खरा गुणकारी अंश शोधला. त्याला नाव दिलं रिसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यात नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातल्या रुग्णांना ते दिलं. वर्षानुवर्षं आरडाओरड करणारी माणसं शांत झाली.

१९५७ सालच्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांची यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तीत क्लाइन आहेत. क्लोरप्रोमाझिन हे दुसरं नवं औषध मनोरुग्णांपर्यंत नेणारे फ्रान्सचे लाबोरी आणि देनिकेर आहेत. आणि डॉ. वकील आहेत. मुंबईच्या एका दवाखान्यातल्या नोंदवह्यांनी मेंदूच्या रसायनशास्त्राला ढकललं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात ते असायला हवं होतं.

पण रिसर्पिनचा एक परिणाम विचित्र होता. रक्तदाब उतरे, मन शांत होई, आणि काही रुग्णांत हात थरथरू लागत, चेहरा मुखवट्यासारखा होई, चाल अडखळे. हुबेहूब पार्किन्सन. आणि औषध थांबवलं की हे सगळं निघून जाई. म्हणजे एका मुळातला पदार्थ मेंदूतून असं काही तरी काढून घेत होता, ज्याच्याविना माणूस गोठतो.

ते काही तरी काय होतं? अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसलं की रिसर्पिन दिल्यावर सेरोटोनिन नाहीसं होतं. त्या प्रयोगशाळेत तेव्हा स्वीडनहून आलेला एक शांत, नेटका माणूस काही महिने काम शिकत होता: आर्विड कार्लसन. घरी, लुंडला परतल्यावर त्याने पाहिलं की नॉरअ‍ॅड्रेनलिनही नाहीसं होतं. रिसर्पिन खरं तर कणगीला भोक पाडतं. मज्जापेशी आपला माल बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवते. रिसर्पिन त्या भरण्याची सोयच बंद करतं, आणि उघड्यावर पडलेला माल पेशीतलीच विकरं खाऊन टाकतात.

मग १९५७ साली कार्लसनने लिंडक्विस्ट आणि मॅग्नुसन यांच्या मदतीने जो प्रयोग केला, तो वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्याने सशांना रिसर्पिन दिलं. ससे बसल्या जागी ढेपाळले. कान पडलेले, पापण्या मिटलेल्या. आधी त्यांना सेरोटोनिनचा कच्चा माल दिला. काही झालं नाही. मग लेव्होडोपा टोचला. पंधरा मिनिटांत ससे उठले, कान ताठ झाले, ते इकडेतिकडे पाहू लागले, उड्या मारू लागले. कार्लसनला वाटलं, नॉरअ‍ॅड्रेनलिन परत आलं असेल. मेंदू तपासले तर नॉरअ‍ॅड्रेनलिन शून्याच्या आसपासच होतं. परत आलं होतं ते डोपामिन. वाटेतल्या त्या दुर्लक्षित स्टेशनावरच सगळं गाव वसलेलं होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॅथलीन माँटेग्यू यांनी मेंदूत हा पदार्थ असल्याचं दाखवलं होतं. कार्लसनच्या आधी काही महिने. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं. १९५९ साली लुंडमध्येच बर्टलर आणि रोजेनग्रेन यांना दिसलं की मेंदूतलं बरंचसं डोपामिन एकाच भागात साठलेलं आहे, जो भाग हालचाली सांभाळतो. तरीही लंडनच्या १९६० सालच्या परिषदेत ज्येष्ठ मंडळींनी कार्लसनला मानलं नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेने बोलतात, रसायनाने नव्हे, असं मानणारे तेव्हा बरेच होते. डोपा तर विषारी पदार्थ आहे, अशीही शंका आली. गुगेनहाइमची उलटी अजून लोकांच्या लक्षात होती.

व्हिएन्नात एक तरुण मात्र ऐकत होता. ओले हॉर्निकिएविच ऑक्सफर्डला ब्लाश्को यांच्याकडे शिकून आला होता. डोपामिन त्याच्या हाती ब्लाश्कोंनीच दिलं होतं. त्याने सशांवरून थेट माणसाकडे उडी घेतली. मृत रुग्णांचे मेंदू मिळवले, हालचालींच्या भागाचा अर्क काढला आणि त्यात रंग आणणारं रसायन टाकलं. निरोगी मेंदूच्या नळीत गुलाबी रंग उमटला. पार्किन्सनच्या नळीत तो जवळजवळ उमटलाच नाही. यंत्राने मोजायच्या आधीच ते उघड्या डोळ्यांना दिसलं. १९६० साली त्याने आणि एरिंगरने हे छापलं. एक शतकभर लोक ज्याला म्हातारपणाचा, नशिबाचा, वाताचा रोग म्हणत होते, त्याची उणीव आता एका नळीतल्या रंगाइतकी स्पष्ट होती.

मग त्याने वाल्टर बिर्कमायर या डॉक्टरच्या मागे लागून आपल्याजवळचा थोडा लेव्होडोपा रुग्णांना टोचायला लावला. बिर्कमायरने अर्धं वर्ष टाळलं. अखेर जुलै १९६१ मध्ये, व्हिएन्नाच्या लाइन्झ भागातल्या वृद्धाश्रमात, पहिली सुई गेली. अंथरुणावरून उठून बसता न येणारी माणसं उभी राहिली. उभी राहता येणारी चालू लागली, चालणारी धावली. पुटपुट होती तिथे स्वच्छ शब्द आले. काही तासांनी सगळं ओसरलं. "गोळी लागली, गोळी उतरली" हे आमचं घरगुती वाक्य त्या उन्हाळ्यात लाइन्झमध्ये जन्मलं, असं मला वाटतं.

पुढची सहा वर्षं औषध हेलकावे खात राहिलं. कोणाला फरक दिसे, कोणाला नाही. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनला जॉर्ज कोट्झियास यांनी ते रोजच्या उपचारात आणलं. गंमत अशी की त्यांचा तर्क चुकीचा होता. काळ्या पट्ट्याचा काळेपणा गेला आहे, तर तो रंग परत आणू, असं त्यांना वाटत होतं, आणि तो रंग बनवायलाही डोपा लागतो. पण त्यांची चिकाटी बरोबर ठरली. मात्रा अगदी हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे चढवत ते दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत गेले. १९६७ साली निकाल छापले. १९७० साली अमेरिकेत लेव्होडोपाला परवानगी मिळाली.

१९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टरने हेच औषध वेगळ्या रुग्णांना दिलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या झोपेच्या साथीने गोठून गेलेली, दशकानुदशकं पुतळ्यासारखी बसलेली ती माणसं होती. ती जागी झाली, बोलली, नाचली. काही आठवड्यांनी त्यांतल्या अनेकांना झटके, वळवळ, भास सुरू झाले. जी वस्तू कमी पडली की माणूस थिजतो, तीच जास्त झाली की तो आवरत नाही.

या दुसऱ्या टोकाचं कोडं कार्लसनलाच आधी उलगडलं होतं. क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही औषधं भास आणि भ्रम शांत करतात, आणि रिसर्पिनसारखीच पार्किन्सनची लक्षणं आणतात. पण ती कणगी रिकामी करत नव्हती. १९६३ साली कार्लसन आणि लिंडक्विस्टने सुचवलं की ती घेणाऱ्या पेशीवर डोपामिनची जागा अडवत असावीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं. डोपामिन येतं, पण बसायला जागा नाही. १९७५-७६ मध्ये टोरोंटोला फिलिप सीमन आणि बाल्टिमोरला सॉलोमन स्नायडर यांनी हे मोजून दाखवलं: जे औषध या सीटला जितकं घट्ट धरतं, तितकी त्याची कमी मात्रा रुग्णाला पुरते. कोकेन आणि अँफेटामिन उलट्या बाजूने खेळतात. कोकेन सांडलेलं डोपामिन परत उचलणारा पंप बंद करतं, अँफेटामिन साठा बाहेर ढकलतं. एकच रेणू, आणि त्याच्या भोवती औषधांचा आणि व्यसनांचा अर्धा इतिहास.

हे सगळं ज्या पेशी करतात त्या किती, तर माणसाच्या मेंदूत सुमारे ४ ते ६ लाख. एखाद्या मध्यम शहराची लोकसंख्या. स्वीडनमध्ये फाल्क आणि हिलार्प यांनी मेंदूच्या चकत्यांना फॉर्मॅल्डिहाइडची वाफ देऊन त्या हिरव्या उजळताना दाखवल्या, आणि डालस्ट्रोम व फुक्से यांनी १९६४ साली त्यांचा नकाशा काढला. एक झुंबड हालचालींकडे जाते. काकांची हीच सुकली. शेजारची दुसरी झुंबड जाते ती हवंनकोपणाच्या भागांकडे.

इथून डोपामिनला ते नाव चिकटलं जे आज प्रत्येक मोबाइलवर ऐकू येतं: आनंदाचं रसायन. त्याचं मूळ १९५४ सालचं आहे. माँट्रियलला ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार घातली होती, आणि दांडी दाबली की तिथे सौम्य वीज जाई. उंदीर दांडी सोडेनात. खाणं सोडून दाबत राहिले. लोकांनी म्हटलं, सुखाचं केंद्र सापडलं. पुढे ते सुख डोपामिनच्या नावावर मांडलं गेलं.

माझ्या मते ही गल्लत आहे, आणि ती दुरुस्त करायला मराठीत आधीपासून दोन शब्द तयार आहेत: आवड आणि ओढ. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी ज्यांचं डोपामिन जवळजवळ संपवलं असे उंदीर घेतले. ते समोरच्या अन्नाकडे जात नव्हते. तसेच ठेवले तर उपाशी मरतील. पण साखरेचं पाणी जिभेवर सोडलं की ते पूर्वीइतक्याच तृप्तीने ओठ चाटत. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या याच पेशी ऐकल्या. फळांच्या रसाचा अनपेक्षित थेंब मिळाला की पेशी कडकडत. काही दिवसांनी रसाआधी एक दिवा लागतो हे माकड शिकलं, तेव्हा पेशी दिव्याला कडकडू लागल्या आणि रसाला गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी त्या आणखी गप्प झाल्या. ठरल्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, हा हिशेब त्या ठेवतात. १९९७ साली शुल्ट्झ, डायन आणि मोंटाग्यू यांनी तो गणितात मांडला. शेजारच्या घरात हिंगाची फोडणी पडल्यावर आपली पावलं स्वयंपाकघराकडे वळतात, तेव्हा पोटात काही गेलेलं नसतं. हिशेब मात्र सुरू झालेला असतो.

हे पुस्तकात वाचण्याआधी मी ते घरात पाहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी काकांना लेव्होडोपाच्या जोडीला प्रॅमिपेक्सोल सुरू केलं. ते मेंदूत जाऊन डोपामिनच्या सीटवर स्वतःच बसतं. चाल सुधारली. पण आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेले काका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पैशांची रमी खेळू लागले. जिंकले तरी हसत नसत. "मजा येते का?" असं विचारलं तर म्हणाले, "नाही रे. पण थांबवत नाही." आम्ही त्यांना बोललो. लाज काढली. पैसे लपवले. दीड महिन्याने दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऐकलं आणि ती गोळी हळूहळू उतरवली. महिन्याभरात रमी बंद झाली. २००५ सालीच अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा ११ रुग्णांची नोंद छापली होती, आणि त्यांतले बहुतेक याच औषधावर होते. आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर काकांना ते शब्द ऐकावे लागले नसते. मला ते आजही खुपतं. असं औषध लिहून देताना घरच्यांना समोर बसवून हे सांगायलाच हवं: जुगार, खरेदी, खाणं, कामवासना, यांतलं काही अचानक वाढलं तर ते माणसाचं चारित्र्य नसतं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. हे शब्द मला फार उशिरा कळले.

वंशावळीचे काही धागे अजून वाढत आहेत. कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं. हॉर्निकिएविचला त्यात वाटा नव्हता, आणि दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून निषेध केला. रिसर्पिन आता क्वचितच दिलं जातं. पण त्याच्याच पद्धतीने कणगी हलकी करणारं टेट्राबेनाझिन हंटिंग्टनच्या आजारातल्या अनावर हालचालींवर वापरतात, आणि त्याच्याच कुळातलं व्हॅल्बेनाझिन २०१७ साली आलं. ते कशासाठी, तर भासांवरची औषधं वर्षानुवर्षं घेऊन ज्यांच्या जिभा आणि ओठ आपोआप वळवळू लागतात, त्यांच्यासाठी. सर्पगंधेने दाखवलेली वाट अजून चालती आहे.

खाजकुइलीकडेही लोक परतले. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी तिच्या बियांची पूड पार्किन्सनच्या रुग्णांवर वापरून निकाल छापले. १९९५ साली झंडूच्या एचपी-२०० या चूर्णाची चाचणी ६० रुग्णांवर झाली. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलना केली तेव्हा ३० ग्रॅम चूर्ण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागलं आणि जास्त वेळ टिकलं. संख्या लहान आहेत. चूर्णात लेव्होडोपा किती, हे पिकागणिक बदलतं. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडून चूर्ण धरणं धोक्याचं आहे. पूर्वजांना डोपामिन ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांनी गुण पाहिला, नीट पाहिला, आणि लिहून ठेवला. तेवढं पुरेसं मोठं आहे.

हे सगळं मी परवा काकांना सांगत होतो. संध्याकाळचे पाच वाजत आले होते, दुपारची गोळी उतरत होती. चेहरा घट्ट झाला होता, आवाज खोल गेला होता. खाजकुइलीचं नाव काढल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग शब्द एकेक करून आले. संगमेश्वराकडच्या त्यांच्या शाळेत चौथीला एका पोराने गुरुजींच्या खुर्चीवर ती लव टाकली होती. गुरुजी वर्गभर नाचले.

"कोणी टाकली होती?" मी विचारलं.

त्यांनी थरथरता हात उचलायचा प्रयत्न केला आणि स्वतःच्या छातीकडे जेमतेम वळवला. काकू स्वयंपाकघरातून डबी घेऊन आली. पाचला अजून दहा मिनिटं होती.